वगळलेल्याची पुढची सीट

तीर्थपुरीच्या स्टँडवर जालन्याची काळीपिवळी जीप भरत आली होती. मागं बायका, पोती आणि कुणाची तरी नवी कोरी शिलाई मशीन. ड्रायव्हरच्या शेजारी दोघं जण आधीच जागा धरून बसले होते. आबांनी त्यांना गोड बोलून मागं पाठवलं, माझी बॅग टपावर चढवली आणि पुढचं दार उघडून म्हणाले, "सुजा, पुढं बस."

तोवर मी रडले नव्हते. आईनं डब्यात धपाटे भरले तेव्हा नाही, शेजारपाजारच्या बाया दारापर्यंत आल्या तेव्हाही नाही. पण पुढची सीट म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "आबा, मला वगळलं का?" मी विचारलं. स्टँडवरच्या लोकांना वाटलं असेल, परदेशी जायचं म्हणून पोरीचं डोकं फिरलं. आबांना मात्र बराबर कळलं. "वगळलेलंच माणूस परत येतंय," ते म्हणाले. "बस जल्दी, गाडी हुकंल."

तुम्ही तीर्थपुरीत असाल तर तुम्हाला हे सांगायला नको. माझ्यासारखे लांब कुठं जाऊन पडला असाल, तर ऐका. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, पण गावाला त्यांची खरी ओळख कबड्डीची. घनसावंगीला सामने असले की आदल्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर टीम निवडायची. निवडायची म्हणजे भांडायचं. चढाईला कोण, कोपऱ्यावर कोण, मागच्या वेळी कुणी पाय सोडला, कुणाच्या मामानं गुरुजींना चहा पाजला, सगळं निघायचं. बौद्धवाड्यातली पोरं, धनगरवाड्यातली पोरं, सगळ्यांचे आवाज सारखेच मोठे. आई चहाचं पातेलं ओट्यावर आदळून म्हणायची, "मारा आता एकमेकांला, म्हंजे उद्या जायलाच नको." शेवटी आबा नावं वाचायचे आणि एकदोघांची तोंडं उतरायची.

आबांचा एक नियम होता. ज्याला वगळलं त्यानं सामन्याला यायचंच, आणि जीपमध्ये त्यानं पुढं बसायचं. एरवी ड्रायव्हरशेजारी तीन तीन माणसं कोंबलेली असतात, पण त्या दिवशी पुढची अख्खी सीट त्या एकट्याची. रेडर, कॅप्टन, झाडून सगळे मागं. आबांचं म्हणणं, मागं बसवला तर पोरगा रुसून घरी बसतो. पुढं बसवला तर पुढच्या मॅचला येतो. कुणाला चुकून दोनदा वगळलं तर तो ऐटीत काच खाली करून, कोपर बाहेर काढून अख्ख्या गावातून मिरवत जायचा. काही आळशी पोरं तर वगळावं म्हणूनच यायची.

तर त्या पुढच्या सीटवर बसून मी निघाले, ती न्यूझीलंडला पोचले. वृद्धांच्या एका निवासात मी नर्स, नवरा मिलिंद दुधाच्या फॅक्टरीत. गाव लहान, चारी बाजूंना हिरवी कुरणं, गाई आणि शांतता. शांतता कसली, मुकेपणाच तो! आमच्याकडं शेजारणीनं फोडणी दिली की इकडं शिंक यायची, आणि इथं शेजारी माणूस राहतो की नाही हे त्याचं गवत कापायचं मशीन सुरू झाल्यावर कळायचं. रोस्टर, पार्किंग, हीटर यात दिवस जायचे. पहिल्या हिवाळ्यात तर मी फ्रीजशी बोलायला लागले होते.

मग एका गुरुवारी संध्याकाळी शेजारच्या गॅरेजमधून आरडाओरडा ऐकू आला. मला वाटलं मारामारी. मी तशीच स्लिपर घालून पळाले. गॅरेजचं शटर वर होतं, आत शेजारी हेमी, त्याची बायको ग्रेस आणि अजून काही जण खोक्यांवर बसून हातवारे करत होते. हेमी माओरी, दारात मावणार नाही असा गडी, कुरणांची कुंपणं घालायचं काम करणारा. शनिवारी दक्षिण आफ्रिकेशी रग्बीची टेस्ट मॅच होती आणि देशाची टीम नुकतीच जाहीर झाली होती. हेमीचा लाडका म्हातारा हुकर, म्हणजे पुढच्या ओळीत मधोमध डोकं घालून रेटणारा गडी, निवडकर्त्यांनी वगळला होता. हेमी छाती बडवून सांगत होता की हे लोक झोपेत टीम निवडतात. ग्रेस म्हणत होती, त्याचे गुडघे गेले, त्याला आता नातवंडं सांभाळू दे.

मला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू अंड्यासारखा का, इथूनच माझी सुरुवात. पण ते भांडण मला अक्षर न् अक्षर कळलं. तीच नावं घेऊन बोटं मोडणं, तोच मामाचा संशय, तसंच एकानं मध्येच रागानं उठून जाणं आणि चहासाठी परत येणं. मी एक खोकं ओढलं आणि बसले. त्या दिवसापासून दर टेस्टच्या आधी माझी जागा ठरलेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कुणीतरी ओरडून गप्प बसवलं, आणि काय सांगू, इतकं बरं वाटलं!

आई गेली आणि आबा तीर्थपुरीत एकटे पडले. या म्हटलं की म्हणायचे, बघू. शेवटी एकदाचे आले, तिकडचा उन्हाळा संपताना आणि इथला हिवाळा लागताना. माझ्या मनात एकच होतं, आबांनी आता इथंच राहावं. मागची खोली त्यांच्यासाठी रंगवली, अंगणात मेथी लावली, वर कोनाड्यात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो लावला. पण राहा म्हणायची माझी हिंमत होईना, कारण नाही म्हणाले तर मग बोलायला काही उरलं नसतं.

पहिले काही दिवस ते खिडकीशी बसून राहिले. "एवढ्या गाई," एकदा म्हणाले, "आन् हाक मारायला एकबी माणूस न्हाई." नातीशी, राहीशी, बोलायचे तेवढंच. जेवण कमी झालं. मी कामावरून आले की त्यांचा चहा तसाच गार होऊन पडलेला. मला वाटलं, झालं, हे काही टिकत नाहीत.

गुरुवारी मी त्यांना जवळजवळ ओढतच हेमीच्या गॅरेजमध्ये नेलं. आबांनी टोपी नीट केली, हात जोडून जयभीम घातला. हेमीनं किया ओरा, म्हणजे माओरीतला नमस्कार, म्हणत त्यांना असं कवटाळलं की टोपी खाली पडली. मग भांडण सुरू झालं आणि मी दोन्हीकडचं सांगत बसले. त्या दिवशी वाद एका तरण्या विंगवर होता. विंग म्हणजे कडेनं चेंडू घेऊन सुसाट पळणारा. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "इचार, ह्याचं लगीन ठरलंय का?"

मी विचारलं. ग्रेस म्हणाली, हो, मागच्याच महिन्यात साखरपुडा झाला, फोटो सगळीकडं आलेत. आबांनी मांडीवर थाप मारली. "मंग बिलकुल घेऊ नका. लगीन ठरलेलं पोरगं तोंड सांभाळून खेळतंय. सासू बघायला येती ना!" तीर्थपुरीच्या ओट्यावरचा हा पक्का कायदा होता. लग्न ठरलेल्या पोराला अक्षता पडेपर्यंत चढाईला पाठवायचं नाही. मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा हेमी हसता हसता खोक्यावरून घसरला, आणि उठल्यावर तोच मुद्दा इतक्या तावातावानं मांडायला लागला की जणू त्याच्या आजोबांनी सांगून ठेवलं होतं.

शनिवारी सगळे आमच्याकडं मॅच बघायला आले. रग्बीची टेस्ट दीड तासात उरकते, पण ती क्रिकेटसारखी पाच दिवसांची बैठक समजून आबांनी मला भाकरी भरपूर करायला लावल्या होत्या. तिघांनी मिळून एकाला खाली पाडला की आबा ओरडायचे, "धरला! बाद!" तो उठून परत पळायला लागला की आबांना राग यायचा. "आरं, हा मघाच मेल्ता की! पंच झोपला का?" थोड्या वेळानं हेमीही "बाद! बाद!" ओरडायला लागला. आणि तो साखरपुडा झालेला विंग? त्यानं दोनदा रेषेपार झेप घेऊन गुण मिळवले, दुसऱ्यांदा तर तोंडावर आपटत. नाक फुटलं, रक्त आलं, तरी दात काढून हसत होता. आबांचा कायदा भुईसपाट. हेमीनं त्यांच्याकडं बोट दाखवलं तर म्हणतात कसे, "सासू आली नसंल."

त्यानंतर घरातली हवाच बदलली. आबा सकाळी हेमीबरोबर कुंपणं बघायला जायला लागले. एक शब्द एकमेकांचा कळत नव्हता, तरी दुपारी दोघं भांडून यायचे. दर गुरुवारी आबा आंघोळ करून, टोपी घालून तयार. ग्रेस त्यांना विचारायची, यातला कुणाचा साखरपुडा वाटतो? आबा फोटो निरखून बघायचे आणि एकाला काढून टाकायचे. मी स्वयंपाकघरात गुणगुणायला लागले होते. मनात म्हटलं, मला जे जमलं नाही ते या अंड्यासारख्या चेंडूनं केलं, आबा आता राहतात.

हंगामातली शेवटची टेस्ट आली. टीमवरचं भांडण झालं, चहा झाला आणि मी हसत हसत म्हटलं, "आबा, आता आपल्या घराची टीम निवडा." मला वाटलं, या निमित्तानं त्यांच्याच तोंडून येईल. आबा ओट्यावर बसायचे तसे ताठ बसले. "कॅप्टन सुजा," म्हणाले. "चढाईला राही, तिच्या पायात वारं हाय. कोपऱ्याला जावई, आन् दुसऱ्या कोपऱ्याला ग्रेसबाई. मधी हेमी. त्याला कोन हलवतंय?" हेमीनं आपलं नाव ऐकून दंड थोपटले. आबांची टीम तिथंच संपली.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मला वगळलं."

गॅरेजमध्ये सगळे हसत होते, कारण त्यांना कळलं नव्हतं. मी चिडले. खरंच चिडले. मेथीचं काय, खोलीचं काय, एवढी माणसं जीव लावतात त्याचं काय, असं काहीबाही बोलले. आबांनी बोलू दिलं. मग म्हणाले, "सुजा, मला भ्या वाटत होतं का तू इथं एकटी पडली म्हनून. त्याच्यासाठीच आल्तो. आता बघितलं. तुझी टीम भरली. तिकडं पोरं सांच्याला ओट्यावर येऊन बसत्यात, गुरुजी कधी येनार इचारत्यात. तुझी आयबी तिथंच हाय. मला तिथं खेळू दे." निवडणाऱ्यानंच स्वतःला वगळलं, तर माणसानं भांडायचं कोणाशी? मी ग्रेसच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि मग हेमीला सगळं सांगितलं, जीपच्या पुढच्या सीटसकट.

विमानतळावर न्यायला हेमी त्याची मोठी गाडी घेऊन आला. मिलिंद आणि राही मागं चढले, मीही चढत होते, तेवढ्यात हेमीनं पुढचं दार उघडलं आणि त्याला येत होतं तेवढं सगळं मराठी एका दमात म्हणून टाकलं, "जयभीम आबा, पुढं बस!" आबा दाराशी उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. आयुष्यभर दुसऱ्यांना त्या सीटवर बसवणारे आबा, त्यांना कुणी कधी बसवलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली, डोळे पुसले, टोपी घातली आणि बसले. थोडं पुढं गेल्यावर कडाक्याच्या थंडीत काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं. मागं आम्ही कुडकुडत होतो आणि हसत होतो.

आता मला कुणी घर कुठलं विचारलं की मी गोंधळत नाही. एक ओटा तीर्थपुरीत आहे आणि एक शेजारच्या गॅरेजात, आणि दोन्हीकडं मी भांडले तर कुणी मला पाहुणी समजून गप्प बसत नाही. परवा गुरुवारी टीम जाहीर झाली तेव्हा गॅरेजमध्ये बसूनच आबांना फोन लावला. पडद्यावर ओट्यावरची पोरं एकमेकांच्या डोक्यावरून डोकावत होती. हुकर कोण, बेंचवर कोण, त्यांनी मलाच सुनावलं. आबांनी सगळ्यांना हातानं मागं सारलं.

"त्या लगीनवाल्याला घेतलं का गं?"

"आबा, त्याचं लग्न झालं. मुलगी पण झाली."

"मंग काय हरकत न्हाई, खेळू द्या," आबा म्हणाले. "आन् हेमीला सांग, पुढच्या मॅचला मी येऊन राह्यलो. तिकीट काढलं."