लवूकाकांचा आठवा भाग

लवूकाका आमच्याकडे टीव्ही बघायला यायचे, पण बसायचे कधीच नाहीत. खोलीत चाळीतली पंधरा-वीस माणसं मांडीला मांडी लावून बसलेली आणि हे उंबऱ्यात उभे, एक हात चौकटीवर. आई दर वेळी म्हणायची, "लवूभावजी, बसा हो!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "बसान कापड इणता काय कोण?"

माणसाची सगळी उमेद गिरणीच्या साचे खात्यात गेलेली. साचा म्हणजे माग. पाळीभर चार-चार साच्यांवर नजर ठेवून उभं राहायचं. त्या खडखडाटात शेजारच्याची हाकही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठ वाचून आणि हातवारे करून बोलत. त्यामुळे लवूकाकांना कानांनी कमी आणि डोळ्यांनी फार ऐकू यायचं.

याचा फायदा आम्हाला व्हायचा. लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर टीव्ही एकट्या आमचा. काळा-पांढरा, लाकडी सरकत्या दारांचा, वर हिंदमाताहून आणलेल्या फुलाफुलांच्या कापडाचं पांघरूण. मी तेव्हा आठवीत होते. दारं सरकवायचा अधिकार माझा होता आणि तो मी मामलेदाराच्या तोऱ्यात बजावायची. त्या टीव्हीला एक खोड होती. चित्र शाबूत राहायचं आणि आवाज जायचा. मग सगळी खोली उंबऱ्याकडे वळायची. लवूकाका पडद्यावरचे ओठ वाचून आमच्यासाठी बोलू लागायचे. हिंदी मालिकेतली श्रीमंत बाई दात-ओठ खात असायची आणि काका सांगायचे, "ती म्हणता, माका तुझो चाय नको." एकदा बातम्यांचा आवाज गेला, तेव्हा त्यांनी एका मंत्र्याच्या तोंडी "जेवलास काय?" घातलं होतं. वडील म्हणाले, "लवू, हे जरा जास्तच झालं." काका म्हणाले, "इचारूक तर व्हया होता ना तेना?"

कारण तोवर गिरण्यांचा संप लागला होता. भोंगा बंद झाला होता. लवूकाकांच्या घरी रुक्मिणीकाकींची खानावळ होती, ती तेवढी चालू होती. नेमक्या मालिकेच्या वेळी काकींच्या पंगती उठत-बसत, त्यामुळे त्यांनी टीव्ही कधी बघितला नाही. लवूकाका बघून घरी जात आणि भाकऱ्या थापणाऱ्या काकींना सगळी गोष्ट सांगत, हातवाऱ्यांसकट. आयुष्यभर कामावरून घरी आलेला माणूस आता हात हलवत घरी येत होता. गुरुवारी मात्र काकी दारातच विचारायच्या, "इलास? सांगा बघू, काय झाला?" त्या एका दिवशी काकांची चाल वेगळी असायची.

गुरुवारची मालिका होती एका लहान गावातल्या घड्याळजीची. तिचं नाव मला आठवत नाही. मला अजून असा माणूस भेटलेला नाही, ज्याला ते आठवतं. घड्याळजी म्हातारा, दुकान बंद पडलेलं, मुलगा कुठल्याशा शहरात, पत्राला उत्तर नाही. सातव्या भागाच्या शेवटी तो ट्रंक घेऊन फलाटावर उभा राहतो, लांबून शिट्टी ऐकू येते आणि भाग संपतो.

पुढच्या गुरुवारी त्या जागी माडाच्या रोगावर माहितीपट लागला. निवेदिका गोड हसली. ती मालिका बंद का झाली, ते कुणी सांगितलं नाही.

लवूकाका माडाचा रोग अख्खा बघून, उभ्यानेच, घरी गेले. मी काकींची वाटी परत द्यायला मागोमाग गेले. काकींनी विचारलं, "इलास? घड्याळवालो बसलो काय गाडयेत?"

काकांचा हात हलला. "गाडी इली. पण ती मालगाडी."

हा आठवा भाग. नवव्यात गाडी आली ती उलट्या दिशेची. दहाव्यात घड्याळजीनं स्टेशनातलं बंद पडलेलं घड्याळ उघडलं, दुरुस्त केलं, आणि स्टेशनमास्तर त्याच्यासाठी चहा घेऊन आला. खानावळीतली माणसं, तीही संपावरची, गुरुवारी लवकर येऊन रेंगाळत जेवू लागली. आमटीत हात तसाच ठेवून ऐकत.

अकराव्या भागात माझ्यातला मामलेदार जागा झाला. "काकी, हे काय ऐकताय? ती मालिका कधीच बंद झाली!"

काकींच्या हातात भाकरी तशीच. मग कोपऱ्यात जेवणाऱ्या एका थोराड गिरणीवाल्यानं मान वर न करता म्हटलं, "चेडवा, तुमच्या टीव्हीर दिसणा नाय आसतला. आमच्याकडे दिसता. बापाशीक सांग अँटिना फिरवक."

दुसरा म्हणाला, "काल वारो होतो ना!"

आणि मी, वर्गात पहिली येणारी मुलगी, धावत घरी जाऊन वडिलांना अँटिना फिरवायला लावला. ते गच्चीवर, मी खिडकीत ओरडतेय, "अजून थोडा उजवीकडे!" तासाभरानं पुन्हा लागलेल्या त्या माहितीपटातले माड आणखी स्वच्छ दिसू लागले.

दुसऱ्या दिवशी लवूकाकांनी मला गॅलरीत गाठलं. मला वाटलं, रागावणार. ते म्हणाले, "गो, कापडाचा थान अर्ध्यार ठेवन साचो सोडूचो नसता. संप मिटतलो, भोंगो वाजतलो. त्या दिवशी मी घड्याळवाल्याक गाडयेत बसवतंय. तवसर गप ऱ्हव."

मी गप्प राहिले. भोंगा काही वाजला नाही. खानावळीतले एकेक चेहरे कमी होत गेले. कुणी गावी, कुणी भाजीच्या पाटीमागे. लवूकाका एका कचेरीच्या दारात वॉचमन झाले. "उभ्याचाच काम गावला," म्हणाले, आणि उभं राहण्यावरचा विनोद करताना पहिल्यांदाच हसले नाहीत. मग संध्याकाळची पाळी आली, गुरुवार गेले, आणि काही वर्षांनी दोघं कणकवलीपलीकडे गावी गेली. घड्याळजी फलाटावरच राहिला.

मध्यंतरी मित्रमंडळींत जुन्या मालिकांच्या गप्पा निघाल्या. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की सगळ्यांत सुंदर प्रसंग स्टेशनमास्तरच्या चहाचा. एक जाणकार गृहस्थ म्हणाले, "अहो, ती सात भागांत बंद पडली. असा प्रसंगच नाही." मी हिरिरीनं भांडले. बोलता बोलता लक्षात आलं की त्या प्रसंगाला मला काकींच्या खानावळीतल्या बांगड्याच्या तिखल्याचा वास येतो. टीव्हीला वास नसतो. मी चहाचा कप उचलला आणि विषय बदलला.

लवूकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी काकींना फोन केला. शेवटचं वर्षभर अर्धांगानं काकांची वाचा गेली होती, उजवा हात तेवढा चालत होता. मी चाचरत जुन्या आगाऊपणाची माफी मागितली. काकी फोनवर हसल्या.

"गो, माका पयल्या दिवसाकच कळला होता. खरे सात भाग सांगताना ह्येंका आठवता आठवता घाम फुटी. आठवो मात्र झरझर! मी म्हटलंय, रिकाम्या हातान येवच्यापेक्षा घराक काय तरी हाडतत ना, हाडूदेत."

मग थोडं थांबून म्हणाल्या, "ह्या वर्साक मीच सांगी. दर गुरवारी, खाटीकडे बसान. परवा म्हटलंय, आता पुरे. म्हटलंय, गाडी इली, आणि घड्याळवालो बसलो एकदाचो."

"मग? काका काय म्हणाले?"

"म्हणतले काय? हात उचलल्यानी. दोन बोटांनी असा केल्यानी, टीसी तिकीट कातरता तसा. तिकीट काढल्यान काय, म्हणान."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलंय, काढल्यान तर. परतीचापण."