डावीकडचा आवाज

ते एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "आता डोळे मिटा."

तुम्ही चहाला गेलेले असा नाहीतर वर्तमानपत्र परत करायला, दादांच्या घरात रविवारी पाऊल ठेवलं की डोळे मिटावेच लागत. गाणं वाजे, मध्येच थांबे, थोडी खुडबुड होई आणि तेच गाणं पुन्हा वाजे. "आता सांगा भाऊ. पयला बरा का दुसरा?"

नागापूरच्या आमच्या कॉलनीत ते माझे शेजारी. मूळचे कोल्हारचे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, पत्र्यावर दणादण आदळणाऱ्या प्रेसशेजारी त्यांची उभी हयात गेली होती. एवढा गोंगाट सोसलेल्या माणसाला नाद कसला, तर व्हॉल्वच्या प्रीअ‍ॅम्पचा. प्रीअ‍ॅम्प म्हणजे रेकॉर्डवरचा नाजूक आवाज मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरकडे जाण्याआधी सावरून घेणारा डबा. जुन्या रेडिओत असत तसले काचेचे व्हॉल्व त्यात मंद पेटलेले दिसत. दादांकडे असे दोन डबे होते. एक त्यांनी स्वतः जोडलेला, तो 'घरचा'. दुसरा पुण्याच्या एका हौशी माणसाकडून आणलेला, तो 'पुण्याचा'. त्यातला सरस कोणता, हा खटला मी राहायला आलो तेव्हापासून चालू होता.

"पुण्याचा लई स्वच्छ हाय," ते म्हणत, "पन माया न्हाई त्याला." पुढच्या रविवारी घरच्यावर नाराजी. "ह्यो गाण्याचे फार लाड करतोय."

वहिनी बाजूला मेथी निवडत बसलेल्या असत. त्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं. "दोन्हीत बाई तीच गाती."

एका दुपारी मी गेलो तर दादा घामाघूम. कपाटाजवळचा, म्हणजे डावीकडचा स्पीकर खिडकीजवळच्यापेक्षा बारीक वाजतोय, असं त्यांचं म्हणणं. पुण्याच्या डब्यावर संशय होता. त्यांनी त्यातले व्हॉल्व डावे उजवीकडे केले. तरी आवाज डावीकडेच कमी. घरचा डबा लावला, तरी तेच. स्पीकर आपसांत बदलले, वायरी बदलल्या, शेवटी आम्ही दोघांनी कपाटही सरकवलं. मला दोन्हीकडून सारखंच ऐकू येत होतं. तसं म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तुमचा कान अजून तयार न्हाई."

वहिनींनी मेथीची परात खाली ठेवली. "अहो, खुर्ची फिरवा. भिंतीकडं पाठ हाय, ती स्पीकरकडं करा."

"त्यानं काय हुतंय?"

"बसा तर खरं."

दादा पाठमोरे बसले. मी गाणं लावलं. थोडा वेळ ते ऐकत राहिले, मग हळूच म्हणाले, "आता खिडकीजवळचा बारीक झाला."

दादांनी डाव्या कानाला हात लावला, तो बराच वेळ तिथेच होता. "म्हंजे डबे बिचारे चांगलेच हायेत," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी सगळं बंद केलं.

पुढे बरेच रविवार त्यांच्या घरातून आवाज आला नाही. दोन्ही डब्यांवर वहिनींची जुनी साडी पांघरलेली असे. डॉक्टरांनी तपासून कानाचं मशीन सांगितलं. ते घ्यायला मीही सोबत गेलो. दुकानातल्या मुलीने दोन मशीनं पुढे ठेवली, तशी दादांनी मान वर केली. "कुठलं लावताय ते सांगू नका," ते तिला म्हणाले आणि डोळे मिटून बसले. मुलगी बावरून वहिनींकडे पाहू लागली.

"लाव गं बाई," वहिनी म्हणाल्या. "आता संध्याकाळ इथंच." किती दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं. दादांनी पहिलं मशीन नाकारलं. त्यात माया नव्हती म्हणे.

साडी निघाली, रविवार पुन्हा सुरू झाले. पण गाणं ऐकताना दादा मशीन काढून ठेवायचे. पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखं वाटतं, ही तक्रार. त्याऐवजी त्यांनी डावीकडचा आवाज बटणाने वाढवून घेतला. त्यांना तो आता बरोबर मधोमध येई. आम्हा बाकीच्यांना मात्र सगळं गाणं कपाटाच्या अंगावर कलंडलेलं ऐकू यायचं. कॉलनीतल्या एकानेही हे त्यांना सांगितलं नाही. आम्ही डोळे मिटायचो आणि आपापल्या परीने निकाल द्यायचो.

निवृत्तीनंतर ते दोघे कोल्हारला राहायला गेले. मागच्या उन्हाळ्यात जाऊन आलो. परतताना दादा मला सोडायला मनमाड रस्त्यापर्यंत आले. ट्रकांचा आवाज फार होता, म्हणून बोलणं जवळजवळ झालंच नाही. एसटीत बसल्यावर मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "दादा, ऊन फार आहे, थांबू नका. घरी जा."

त्यांनी अगदी मनापासून मान हलवली. "व्हय, व्हय," असं ओठांवरून कळलं. आणि गाडी वळेपर्यंत ते तिथेच, भर उन्हात, हात वर करून उभे होते.