पिंपळ उपटणारी

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, प्रवासी मोटार बंद झाली आणि मी किन्हवलीहून शहापूरच्या शाळेत शिकवायला सायकलने जाऊ लागलो. वाटेत नदीवर जुना दगडी पूल होता. माहुलीचा किल्ला बघायला आलेली हौशी मंडळी त्याच्या कमानीही बघून जात.

कठड्यापाशी रोज एक म्हातारी ओणवी दिसे. दगडांच्या सांध्यांत उगवलेली पिंपळाची रोपं ती कोयत्याच्या टोकाने मुळासकट काढी. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा मात्र राहवलं नाही. "आजी, पिंपळ उपटू नये. वंश बुडतो म्हणतात."

"नाय उपटला तर पूल बुडंल," ती मान वर न करता म्हणाली.

एक रोप तिला निघेना, म्हणून मी वाकलो.

"पोरंबाळं हायेत ना तुमाला?"

"दोन आहेत."

तिने माझा हात झटकला. "मग तुमी नको, मास्तर. माजी समदी पटकीत गेली. आता माज्याकडं बुडायचं काय ऱ्हायलंय?"

पुढच्या पावसाळ्यानंतर ती दिसली नाही. आता सांध्यासांध्यांतून पिंपळ वर आलाय. आम्ही सगळे लेकुरवाळे. बघतो, हात जोडतो आणि पुलावरून पुढे जातो.