एका सिंफनीची दोन ध्वनिमुद्रणं

पाश्चात्त्य संगीताची गोडी मला आमच्या सोसायटीतल्या कर्णिक सरांनी लावली. फारशा कुणाला माहीत नसलेल्या एका सिंफनीच्या दोन तबकड्या त्यांच्याकडे आहेत. एकीत व्हायोलिन लखलखतात. दुसरीचा वाद्यवृंद संथ आहे आणि त्यात चेलोंचा खालच्या पट्टीतला जड आवाजच पुढे असतो. सर पहिलीलाच उजवी मानायचे आणि दुसरीला झोपाळू म्हणायचे.

परवा सकाळी गेलो, तर त्यांनी पहिली लावली होती. व्हायोलिनचा सूर वर वर चढत गेला, तसं त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "थांबलं का रे?"

सूर तर खोलीभर भरला होता. मी म्हटलं, "नाही सर, वाजतंय."

त्यांनी उठून दुसरी तबकडी लावली. चेलो सुरू झाले आणि त्यांची मान हळूहळू डोलू लागली. "हिला मी उगाच नावं ठेवली," ते म्हणाले.

तबकड्या त्याच होत्या, बदलला होता कान. उतारवयात वरचे सूर आधी निघून जातात म्हणे. आपण ज्याला रसिकाचा निवाडा म्हणतो, त्यात असा किती भाग नुसत्या कानाचा असेल, असं मनात येत राहिलं.

"तुला दोन्ही नीट ऐकू येतात," सर म्हणाले. "तूच सांग, कुठली चांगली?"

इतकी वर्षं मी त्यांचंच मत माझं म्हणून सांगत आलो होतो.