शैलानं पाहिलेल्या काळ्या रेघा

शैला गेल्याचा तिच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी पाचवीच्या वर्गावर होते. झोपेतच गेली म्हणाला… फळ्यावरचं वाक्य माझ्याच्यानं पुरं झालं नाही.

अणदूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं ती रेडिओलॉजिस्ट झाली आणि शहरातली नोकरी सोडून धाराशिवला आली. "आपल्या माणसांनी दर वेळी सोलापूरच का गाठायचं गं?" म्हणायची.

बेंबळीला शेती करणारा माझा थोरला भाऊ, अण्णा, पाठदुखीनं बेजार होता. मग पायांतलं बळही जाऊ लागलं. कंबरेच्या एमआरआयमध्ये मणक्यातली चकती सरकलेली दिसली, ऑपरेशन ठरलं. धीर वाटावा म्हणून मी अण्णाला घेऊन शैलाला फिल्म दाखवायला गेले. तिची नजर फिल्मच्या वरच्या कडेला अडकली.

"अण्णा, चाललं की पाय जास्त जड होतात?"

"व्हय. बांधापर्यंत गेलं की बसावंच लागतंय."

तिनं मला बाहेर पाठवलं. लघवीचा त्रास अण्णानं घरात कुणालाच सांगितला नव्हता, तो तिला सांगितला.

तिनं पाठीच्या वरच्या भागाचाही एमआरआय काढला. त्यात मज्जारज्जू सुजलेला, आणि त्याच्या मागं अळ्यांसारख्या वळणावळणाच्या काळ्या रेघा. "या फुगलेल्या शिरा आहेत," ती म्हणाली. "धमनीतलं रक्त भलत्याच जोडातून थेट शिरेत शिरतंय, त्या दाबानं मज्जारज्जू सुजलाय. असं क्वचितच होतं, पण दुखणं चकतीचं नाही."

ऑपरेशन थांबलं. पुण्यात रक्तवाहिन्यांत औषध सोडून तपासणी झाली, आणि त्यात काहीच सापडलं नाही! तोवर अण्णाला धरून उठवावं लागत होतं. शैलानं तिथल्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, जोड आहेच. खालच्या धमन्याही एकेक करून बघा ना." दुसऱ्या खेपेला तो सापडला, ऑपरेशन करून बंद केला. काही महिन्यांनी अण्णा काठी घेऊन चालू लागला. मी तिचं कौतुक करायला गेले, तर म्हणाली, "अगं, मी फक्त जरा जास्त वेळ बघितलं."

गेल्या आठवड्यात अण्णाला घेऊन अणदूरला तिच्या आईकडं गेले. आई दारातच उभ्या होत्या.

"चांगला चालतोस की रे," त्या म्हणाल्या.

"व्हय माय. तिच्यामुळंच."

आईंनी आम्हाला शैलाच्या खोलीत नेलं. "बस, तिच्याच खुर्चीत बस."

अण्णा बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभाच राहिला.