फाट्यावरचा डॅश

आमच्या गहिनीनाथ मास्तरांना पळता यायचं न्हाई. लहानपणीच उजवा पाय वाळलेला, काठीबिगर चालणं न्हाई. पर पळायचं इंग्रजी शिकवावं तर त्यांनीच!

मी केशरबाई. पाथर्डीच्या अलीकडं फाट्यावर माझं चहाचं हॉटेल, अन् समोरच शाळा. मास्तरांचा आवाज असा, की चहा गाळता गाळता मीबी निम्मी आठवी शिकले.

बाहत्तर सालची गोष्ट. आठवीचा वर्ग नुकताच मिळाला हुता, त्योबी तात्पुरता. तपासायला सायब येणार, पोरांना इंग्रजी आलं तर वर्ग राहणार, न्हाईतर बंद. बंद झाला की पोरांच्या हातात कोयता, अन् चला कारखान्याला ऊस तोडायला. माझी लंका त्याच वर्गात. माझी पोर कोयता धरणार न्हाई म्हंजे न्हाई, असं मी मनाशी ठरवलं हुतं.

अन् मास्तर काय करायचे? एसटी यायच्या टायमाला सगळा वर्ग माझ्या हॉटेलापुढं आणून बसवायचे! तालुक्याला जायला दिवसातनं एकच गाडी, त्यामुळं फाट्यावर ही गर्दी.

"बघा रे," मास्तर म्हणायचे, "म्हातारे भिमाजी डुलत येतायत ना, ते वॉक. आता हॉर्न ऐकून पळाले, ते रन. अन् खिडकीतून टोपी टाकून जागा धरायला जीव खाऊन सुटले ना, तो डॅश!"

पोरं खिदळायची. मी करवादायचे, "अवो मास्तर, पुस्तक शिकवा की! सायबाला काय एसटी दाखवणार हाय का?"

"केशरबाई, मला पळून दाखवता येत नाही," ते म्हणायचे. "मग दुसऱ्याचं पळणं दाखवतो."

मी कप्पाळावर हात मारायचे.

सायब आले. कडक इस्त्री, काळी टोपी. लिंबाखाली वर्ग भरला.

"रन म्हणजे काय?"

"पळणे!"

"आणि डॅश?"

"पळणे!"

सायब भडकले. "दोन्ही पळणंच? मग दोन शब्द कशाला हवेत?"

लंकानं मान खाली घातली.

सायब उठले. "मास्तर, हे काही खरं नाही. वर्ग बंद करावा लागेल."

मास्तर काठीवर भार देऊन त्यांच्या मागं निघाले. तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला.

गाडी चुकली तर सायबाचा मुक्काम आमच्या फाट्यावर! बॅग काखेत मारून गडी असा सुटला म्हंता, टोपी उडाली तरी मागं बघंना. अन् सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "डॅश! सायब डॅश!"

लंका तर सायबाच्याबी पुढं. पडलेली टोपी तिनं पळता पळता उचलली, अन् गर्दीच्या डोक्यावरनं नेमकी खिडकीतून आत टाकली. "सायब, तुमची जागा धरली!"

सायब धापा टाकत त्या जागेवर बसले. टोपी मांडीवर घेतली, पोरांकडं बघितलं, अन् असे हसत सुटले की कंडक्टरबी हसायला लागला. गाडी हलली तसं खिडकीतनं डोकं बाहेर काढून ओरडले, "मास्तर! पोरांना डॅश कळलाय! आठवी राहील, मी आजच कळवतो!"

मी किटली तिथंच ठेवली अन् लंकाला पोटाशी धरलं. लई रडले. सुखाचं रडणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

"आये, सोड की," लंका म्हणाली. "मास्तरांना बघ."

मास्तर पोरांच्या घोळक्यात शाळेकडं निघाले हुते. तीच काठी, तोच पाय. पर मी त्यांना रोज बघत आलेली बाई हाय. त्या दिवशीचं त्यांचं चालणं वॉक नव्हतं.