पोकुआ आंटीचा खराटा

पोकुआ आंटीने जंगल झाडून काढलं.

सगळं नव्हे. मोजणीसाठी दोऱ्या बांधून चौकोन आखलेला तुकडा तेवढा. पण तो इतका स्वच्छ होता की लाल माती उघडी पडली होती आणि तिच्यावर खराट्याच्या रेघा उमटल्या होत्या.

शनिवारी सकाळी आम्ही चौघं तिथे पोहोचलो. कुमासीच्या विद्यापीठातून आलेले प्रोफेसर अम्पादू, मोजणीचा मुकादम म्हातारा न्यार्को, आंटी आणि मी. मी गावच्या शाळेत शिकवते आणि आंटीच्या घरी राहते. न्यार्को डोक्याला हात लावून उभा राहिला. आंटी मात्र हसत होती. प्रोफेसर शाबासकी देतील म्हणून.

आमच्याकडे ज्या बाईचं अंगण उजाडायच्या आत झाडलेलं नसतं, तिची गावभर नालस्ती होते. पाहुणे येणार असले तर बोलायलाच नको.

आंटीचं अर्धं आयुष्य चुलीपुढे गेलं. बसथांब्याजवळ तिची फुफूची, म्हणजे कुटलेल्या कंदांच्या गोळ्यांची, खानावळ होती. धुराने तिची छाती धरली. भिंतीपलीकडून तिचा खोकला मला ऐकू यायचा. मग गेल्या पावसाळ्यात प्रोफेसरांना जंगलात एक माणूस हवा होता. झाडांखाली ताणलेल्या जाळ्यांत पडलेली पानं गोळा करायची, ती वाळवून तोलायची, खोडांचा घेर मोजायला बांधलेले पट्टे वाचायचे. झाडं हवेतून किती कार्बन घेतात आणि किती परत देतात, ते यावरून कळतं.

"हे बायकांचं काम नाही," न्यार्को तेव्हा म्हणाला होता.

"पानंच वेचायचीत ना, ओपानिन? की जंगलाशी लग्न लावायचंय?" आंटी म्हणाली. वडीलधाऱ्या माणसाला आम्ही ओपानिन म्हणतो.

काम तिला मिळालं. खानावळ भाचीकडे गेली. खोकला हळूहळू उतरला. "जंगलात श्वास पोटापर्यंत जातो गं, टीचर," ती मला सांगायची.

आता ते काम जाणार, हे मला दिसत होतं. कारण या खेपेला प्रोफेसर जमिनीवरचा पालापाचोळा मोजायला आले होते. पहिल्यांदाच. कुजताना तो हवेत किती परत देतो, तेच त्यांना बघायचं होतं. आंटीला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिला जाळ्या ठाऊक होत्या, पट्टे ठाऊक होते. खाली पडलेलं ते तिच्या लेखी केरच.

"पोकुआ," न्यार्को ओरडला, "अगं, जे मोजायचं तेच झाडलंस! उद्या झाडांना आंघोळ घालशील!"

आंटीचं हसू विरलं. तिने प्रोफेसरांकडे पाहिलं. "म्हणजे मी परत चुलीपाशी?"

प्रोफेसरांनी दोरी ओलांडून आजूबाजूला पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "आंटी, केर कुठे टाकलात?"

"टाकला नाही. काल झाडून होईतो तिन्हीसांजा झाल्या. सूर्य बुडाल्यावर केर बाहेर टाकतात का? आज नेणार होते." तिने बोट दाखवलं. "हा काय."

आखलेल्या प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात एक ढीग होता. त्यावर मोडक्या फांद्यांची मोळी.

"सगळा एकत्र नाही केलात?"

"असं कसं? मध्ये दोरी आहे ना." आंटीचा आवाज जरा चढला. "एकाच्या अंगणातला केर दुसऱ्याच्या अंगणात लोटला तर भांडणं होतात, प्रोफेसर. तुमच्या आईने शिकवलं नाही?"

प्रोफेसर ओन्यीनाच्या झाडाच्या मुळावर मटकन बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "शिकवलं होतं. खराट्याने मारून शिकवलं होतं."

दिवसभर आम्ही ढीग तोलले. प्रत्येक चौकोनाचा वेगळा. पाचोळ्याचे कुजत गेलेले थर एकमेकांत मिसळले होते. ते वेगळे करता आले नाहीत. ती मोजणी यंदा बुडाली. बाकीची वाचली.

"काम तुमचंच आहे," निघताना प्रोफेसर म्हणाले. "खराटा मात्र घरी राहू दे. आणि हे सगळं होतं तसं पसरून ठेवा."

ते आंटीला सर्वांत जड गेलं. ओंजळभर पानं घेऊन ती चौकोनात उभी राहिली. हात खाली होईना. जन्मात कधी स्वच्छ जमिनीवर केर टाकला नव्हता तिने.

"टाक की," न्यार्को म्हणाला. त्याने स्वतः एक ढीग उचलला. "मीही टाकतो. गावात कुणाला सांगणार नाही."

"सांगून तर बघा, ओपानिन. खानावळीत फुफू बंद."

तिने डोळे मिटले आणि ओंजळ उघडली. पानं पडली. पुढच्या चौकोनात तिने डोळे उघडे ठेवले. मग आम्ही तिघांनी मिळून जंगल पुन्हा घाण केलं. आंटी एकदाही खोकली नाही.